हॅलोविनची घरची सजावट आणि सुरक्षितता : ज्योत, वायर, सुरी, पायरी

ओटीवरचा_दिवा
ऑक्टोबर लागला की इकडे न्यू जर्सीत घरांपुढे भोपळे, मक्याची वाळकी ताटं, पेंढ्याचे भारे, सापळे आणि कोळीष्टकं दिसायला लागतात. एडिसन-इझलिनच्या बाजूला आपल्या लोकांची घरंही आता मोठ्या हौसेने सजतात. सजावटीच्या कल्पना हव्या तेवढ्या मिळतात, त्यामुळे हा धागा त्यासाठी नाही. सजावट करताना काय जपायचं ते इथे एकत्र करू या.

हे महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. दिवाळीत आपल्याकडे येणारी माणसं ओळखीची असतात, घरात उजेड असतो. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, वेश करून घरोघरी खाऊ मागत आपल्या दाराशी येणारी बरीच मुलं अनोळखी असतात. त्यांच्या अंगावर पायात अडकणारा झगा असतो, मुखवट्यामुळे बाजूचं दिसत नाही आणि लक्ष सगळं चॉकलेटवर असतं. आमच्याकडे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे छोट्यांची फेरी संधिप्रकाशात आणि मोठ्यांची अंधारात. या मुलांनी कुठे पाऊल टाकायचं हे आपण मांडलेल्या सजावटीवर ठरतं. त्यांची त्या दहा-पंधरा पावलांपुरती जबाबदारी आपली, असं मी मानतो.

म्हणून आमच्या घरी पहिला नियम असा की मुलं जिथून चालणार तिथे जिवंत ज्योत ठेवायची नाही. पेंढा, मक्याची ताटं, क्रेप कागद, कापसासारखी कोळीष्टकं, सगळं भुरुभुरु पेटणारं. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीनुसार, सजावटीच्या वस्तूपासून सुरू झालेल्या घरगुती आगींपैकी एकतृतीयांशाहून अधिक आगी मेणबत्तीने लागलेल्या असतात. ही आकडेवारी वर्षभराची आहे, पण पेंढा आणि झगा शेजारी शेजारी येतात ते याच दिवशी.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे पणत्या. २०२४ साली नरक चतुर्दशी बरोबर ३१ ऑक्टोबरला आली होती. यंदा, २०२६ला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे थोडं अंतर आहे. पण दोन्ही सण लागून येतील तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं. तेलाच्या पणत्या देवापुढे आणि घरात. पायऱ्यांवर बॅटरीच्या. मुलांची वर्दळ संपली, पोर्चचा दिवा मालवला, की मग बाहेर खुशाल खऱ्या पणत्या लावा. रांगोळीही पायऱ्यांवर न काढता बाजूला काढलेली बरी, दगडी पायरीवर ती पायाखाली घसरते.

बाकीच्यांनी भर घाला.

जुनाकंदील
धागा आवडला. पण एका मुद्द्यावर मत वेगळं आहे. कोरलेल्या भोपळ्यात खरी मेणबत्ती हवीच, असं मला मनापासून वाटतं. आयर्लंडमध्ये लोक टर्निप कोरून त्यात निखारा किंवा मेणबत्ती ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात ती माणसं इथे आली, त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा सापडला. त्या दिव्याची थरथर हाच त्या चेहऱ्याचा जीव आहे. बॅटरीच्या दिव्याने चेहरा नुसता उजळतो.

मी तीस वर्षं इथे आहे आणि दरवर्षी मेणबत्ती लावतो. मात्र भोपळा पायऱ्यांवर कधीच ठेवत नाही. गवतावर, वाटेपासून दूर, सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवतो. झाकणाला मधोमध भोक पाडतो म्हणजे धूर आणि उष्णता वर निघून जाते. मेणबत्ती बुटकी आणि काचेच्या वाटीत. पेटवायला लांब दांड्याचा लायटर, म्हणजे हात आत घालावा लागत नाही. आणि मी स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसतो. आत जायचं झालं तर आधी विझवतो.

ओटीवरचा_दिवा
@जुनाकंदील, तुम्ही जसं करता तसं केलं तर माझा विरोध नाही. शेजारी बसणं हाच त्यातला खरा भाग आहे. अडचण अशी की बहुतेक घरांत एक जण मुलांबरोबर फिरायला गेलेला असतो आणि दुसरा दार उघडायला आतबाहेर करत असतो. ज्योतीकडे पाहायला कुणी उरत नाही. अशा घरांसाठी बॅटरीचा दिवाच.

झग्यांबद्दलही सांगायचं राहिलं. पोशाखाच्या लेबलवर ‘फ्लेम रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं ते पाहून घ्या. त्याचा अर्थ कपडा पेटतच नाही असा नाही. तो सहजी पेट घेत नाही आणि ज्योतीपासून दूर केला की लवकर विझायला हवा, एवढाच अर्थ. आणि आजीची जुनी सिंथेटिक साडी कापून चेटकिणीचा झगा शिवला असेल तर त्याला तेवढंही संरक्षण नाही. तो कपडा वितळून अंगाला चिकटतो.

तारायंत्र
विजेचं मी लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

घराबाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं संरक्षण, असतं. अमेरिकेच्या वीज संहितेत घराबाहेरच्या सॉकेटना ते १९७३पासून बंधनकारक आहे, पण घर त्याच्याही आधीचं असेल आणि वायरिंग बदललेलं नसेल तर ते नसण्याची शक्यता धरून चाला. जाणारा आणि परत येणारा करंट यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी गळतोय, अगदी माणसाच्या अंगातूनही, की ते क्षणात पुरवठा तोडतं. सजावट लावायच्या आधी ‘टेस्ट’ बटण दाबा, सॉकेट मेलं पाहिजे. मग ‘रीसेट’. टेस्ट दाबूनही वीज चालूच राहिली तर त्या सॉकेटला काहीही जोडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पावसात ते वारंवार ट्रिप होत असेल तर लोक वैतागून गराजमधल्या दुसऱ्या सॉकेटवर वायर नेतात. तसं करू नका. ट्रिप होणं म्हणजे कुठेतरी ओल शिरली आहे. ती जागा शोधा.

एक्स्टेन्शन कॉर्डच्या आवरणावर अक्षरं छापलेली असतात. त्यात ‘डब्ल्यू’ असेल तरच ती बाहेर वापरायची. एकापुढे एक कॉर्ड जोडत नेण्याऐवजी हव्या त्या लांबीची एकच घ्या. दोन वायरींचा जोड गवतात, पानांखाली किंवा डबक्यात पडू देऊ नका, विटेवर किंवा खुंटीवर उचलून ठेवा. दारातून किंवा खिडकीच्या फटीतून वायर चेपून नेऊ नका. भिंतीवर अडकवायला प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. स्टेपलगनने वायर ठोकली आणि पिन आवरणातून आत गेली तर ते बाहेरून दिसतही नाही.

लोडचा हिशेब सोपा आहे. इथल्या १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला १८०० वॉट होतात. तासन् तास चालणाऱ्या गोष्टींसाठी त्यातले ८० टक्के, म्हणजे १४४० वॉटच धरायचे. एलईडी माळा यात नगण्य आहेत. धुराचं यंत्र मात्र एकटंच ४०० ते १००० वॉट घेतं, कारण आत हीटर असतो. ते आणि गराजमधला फ्रीझर एकाच सर्किटवर नकोत. जुन्या तापणाऱ्या बल्बच्या माळा असतील तर एकामागून एक तीनपेक्षा जास्त जोडू नका. एलईडीच्या किती जोडता येतात ते खोक्यावर लिहिलेलं असतं. माळेवर यूएल किंवा ईटीएल या सुरक्षा-चाचणीचा शिक्का आहे का आणि ती आत वापरायची की बाहेर, हे पट्टीवर वाचा. भारतातून आणलेल्या २३० व्होल्टच्या माळा ॲडॉप्टर लावून इथे बाहेर वापरू नका, कृपया.

शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट याप्रमाणे पाय भिंतीपासून बाहेर घ्या. खाली कुणीतरी धरून उभं असू द्या. आणि रस्त्यावरून घराकडे येणाऱ्या वीजतारांपासून शिडी निदान दहा फूट लांब ठेवा. ॲल्युमिनियमची असेल तर विशेषच.

पाणकणीस
मी ओहायोत इमर्जन्सी विभागात नर्स आहे. आमच्याकडे हॅलोविनचा मोसम ३१ तारखेच्या बराच आधी सुरू होतो, आणि तो भोपळे कोरण्याने सुरू होतो. ग्राहक सुरक्षा आयोगाच्या आकड्यांतही हॅलोविनशी संबंधित दुखापतींत जवळजवळ निम्म्या भोपळा कोरतानाच्या असतात. पडण्या-अडखळण्याचा नंबर त्यानंतर लागतो.

होतं असं की भोपळ्याची साल कडक आणि आतला गर बुळबुळीत. मोठी धारदार सुरी सालीत अडकते. माणूस जोर लावतो, ती एकदम सुटते आणि भोपळा धरलेल्या हाताच्या तळव्यात किंवा बोटात घुसते. किंवा आरपार जाऊन पलीकडच्या हातात. मुठीवर पाणी असेल तर आपलाच हात पात्यावर सरकतो.

स्वयंपाकघरातली सुरी वापरू नका. कोरण्यासाठी छोट्या करवतीसारखी दातेरी हत्यारं मिळतात ती घ्या. ती फार धारदार नसतात आणि हलके मागेपुढे केलं की कापतात. भोपळा आणि हात दोन्ही कोरडे ठेवा, उजेडात आणि पक्क्या टेबलावर बसा, मांडीवर घेऊ नका. पातं नेहमी आपल्यापासून दूर चालवा. शक्य झालं तर चेहरा आधी कोरा आणि झाकण नंतर कापा, म्हणजे आत हात घालून भोपळा धरण्याचा मोह होत नाही. लहान मुलांनी चेहरा मार्करने काढावा, बिया काढाव्यात, कापायचं काम मोठ्यांनी करावं. रंगवलेला भोपळाही सुंदर दिसतो आणि जास्त टिकतो.

कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा आणि पंधरा मिनिटं दाब सोडू नका. मधेमधे उघडून पाहू नका. रक्त थांबलं, पण बोट नीट वाकत नाही किंवा टोकाला बधिरपणा आहे, तर जखम कितीही छोटी दिसली तरी रुग्णालयात जा. आत कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो, आणि त्याची शस्त्रक्रिया वेळेत व्हावी लागते. हे मी कळकळीने सांगते, कारण बँडेज लावून आठवड्याने येणारे फार असतात.

गाभुळलेली_चिंच
पाणकणीसताई, फार उपयोगी लिहिलंत. आम्ही शिकागोत अपार्टमेंटमध्ये राहतो. लीजमध्ये बाल्कनीत ज्योत लावायला मनाईच आहे, म्हणून बॅटरीवरच्या छोट्या टी-लाइट आणल्यात. मुलगी दोन वर्षांची आहे, सगळं तोंडात घालते. त्यात काही धोका आहे का?

पाणकणीस
आहे, आणि तो मेणबत्तीपेक्षा कमी नाही. बरं झालं विचारलंत.

त्या टी-लाइटमध्ये चपटी नाण्यासारखी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर २०३२. ती मुलाच्या अन्ननलिकेत अडकली की ओल्या पडद्याला लागून तिच्यातून करंट वाहतो आणि ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. बॅटरी फुटावी लागत नाही, गळावी लागत नाही. टेक्सासमधली रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधली अशी बॅटरी गिळल्यामुळे डिसेंबर २०२०मध्ये गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२मध्ये ‘रीसचा कायदा’ झाला. अशा बॅटरीचं झाकण लहान मुलाला सहज उघडता येऊ नये, ही अट त्यामुळे आली. पण माळ्यावरच्या खोक्यातले जुने दिवे त्या आधीचे असतात, हे लक्षात घ्या.

तेव्हा दिवा हातात घेऊन पाहा. झाकणाला स्क्रू आहे का? नुसतं नखाने उघडत असेल तर तो दोन वर्षांच्या मुलाच्या घरात नको. गाणारी कार्डं, चमकणाऱ्या अंगठ्या, आवाज करणारे छोटे सापळे, सगळ्यांना हेच लागू. पेन्सिल सेलवर चालणारे मोठे दिवे घ्या. त्यांचंही झाकण घट्ट हवं, पण तो सेल अशा पद्धतीने अडकण्याचा धोका खूप कमी.

मूल गिळताना दिसलं नाही तरी दिव्यातली बॅटरी गायब आहे आणि मूल लाळ गाळतंय, खोकतंय, खात नाही, तर थांबू नका. थेट इमर्जन्सीत जा, एक्स-रे लागतो. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गेल्या बारा तासांत गेली असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली, मध द्यायला विषबाधा केंद्र सांगतं, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नका, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. केंद्राचा अमेरिकेतला नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू असतो. आजच फ्रीजवर लावून ठेवा.

चमकणाऱ्या कांड्यांबद्दलही (ग्लो स्टिक) त्या केंद्राला भरपूर फोन जातात. मुलं त्या चावून फोडतात. आतलं द्रव फार कडू असतं, तोंड चुरचुरतं. पाण्याने तोंड पुसून काढा, थोडं दूध द्या. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्याखाली धुवा.

गाभुळलेली_चिंच
आमच्या दिव्यांना स्क्रू नाहीत. आजच काढून टाकते, बॅटऱ्या टेप लावून वेगळ्या ठेवते. मनापासून आभार.

माळढोक
कॅलिफोर्नियाहून. कापसासारखी ताणून लावायची पांढरी कोळीष्टकं झाडाझुडपांवर लावू नका, एवढीच विनंती करायला आलोय. त्या धाग्यांत छोटे पक्षी-प्राणी अडकतात. हमिंगबर्ड, वटवाघळं, छोटी घुबडंसुद्धा. सुटायची धडपड करताना पंख मोडतात. वन्यजीव उपचार केंद्रं दरवर्षी हेच सांगतात. लावायचीच तर घराच्या आत किंवा पोर्चच्या भिंतीला सपाट. बाहेर हवं असेल तर जाड दोरीचं मोठं जाळं करा, ते पक्ष्याला दिसतं.

घाटवाट
धुराच्या यंत्राबद्दल : घरात लावलं की स्मोक अलार्म वाजतो, आणि मग कुणीतरी अलार्मची बॅटरी काढतं. मेणबत्त्या आणि पेंढा असलेल्या रात्री अलार्म बंद, याहून वाईट जुळणी नाही. यंत्र बाहेर ठेवा. पायऱ्या दिसेनाशा होतील एवढा धूर नको.

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंश. नुसत्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी जाते. जाड हातमोजे आणि चिमटा. त्याचा वायू हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत किंवा तळघरात खाली साठतो, आणि लहान मुलं व कुत्री तिथेच वावरतात. दारं-खिडक्या उघड्या हव्यात. बंद गाडीतून आणतानाही काच खाली घ्या. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात किंवा बाटलीत ठेवला तर स्फोट होतो. पेल्यात तुकडा टाकून पाहुण्यांना सरबत देऊ नका.

लुकलुकणारे स्ट्रोब दिवेही जपून. सेकंदाला साधारण ५ ते ३० वेळा लखलखणारा प्रकाश काही अपस्माराच्या रुग्णांत झटका आणू शकतो. दारात कोण येणार हे आपल्याला ठाऊक नसतं. दिव्याला वेग कमी करण्याचं बटण असेल तर अगदी मंद ठेवा, नसेल तर लावू नका.

सांजवात
एक गोष्ट इथे लिहायला हवी, कारण भारतातून नव्याने आलेल्या घरांना ती कुणी सांगत नाही. झाडाला गळफास घेतलेला पुतळा टांगू नका. दुकानात तसलं सामान मिळतं, आपल्याला ते भुताखेताचंच वाटतं. पण या देशात कृष्णवर्णीय माणसांना जमावाने झाडाला टांगून मारल्याचा मोठा आणि फार जुना नसलेला इतिहास आहे. गल्लीतल्या एखाद्या कुटुंबाच्या मनावर त्या दोरीने काय ओढवेल याचा विचार व्हावा. शिवाय मुलांच्या हाताशी फासाची दोरी असणं हा धोकाच आहे. लोंबत्या दोऱ्या आणि साखळ्या मुलांच्या मानेच्या उंचीवर कुठेच नकोत.

ओटीवरचा_दिवा
@सांजवात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वरच्या लेखात घालायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

एक चांगली प्रथाही सांगतो. दाराशी हिरवट निळा, म्हणजे टील रंगाचा भोपळा दिसला तर त्या घरी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिली असं काहीतरी मिळतं. २०१२मध्ये पूर्व टेनेसीतल्या एका पालकगटाने हे सुरू केलं आणि २०१४पासून अन्न-अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या फेअर या संस्थेने ते देशभर नेलं. एक भोपळा रंगवायचा आणि वेगळ्या टोपलीत वस्तू ठेवायच्या, एवढंच काम. फक्त त्या टोपलीत बटण-बॅटरीची खेळणी नकोत, पाणकणीसताईंनी वर सांगितलंच आहे.

पर्वतीपायथा
पुण्यातून वाचतोय. आमच्या सोसायटीतही मुलांची हॅलोविन पार्टी असते, क्लबहाउसमध्ये. काळे पडदे लावून भुताची गुहा करतात. इथे जीएफसीआय नसतं ना?

तारायंत्र
तिकडे तेच काम करणारा आरसीसीबी असतो, मुख्य बोर्डात. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा हवा. त्यावरचं ‘टी’ बटण दाबून क्लबहाउसचा चालतो का पाहा, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनसमोरच. २३० व्होल्टला धक्का जास्त जोराचा बसतो.

त्याहून मोठी काळजी त्या गुहेची. काळे पडदे, थर्माकोल, क्रेप कागद आणि अंधार, त्यात तीसेक मुलं. बाहेर पडायची दोन्ही दारं उघडी आणि पडद्यांनी न झाकलेली हवीत. आत मेणबत्ती, कापूर, उदबत्ती काहीही नको. दिव्याच्या बटणाशी एक मोठं माणूस पूर्ण वेळ उभं ठेवा, गडबड झाली की लगेच उजेड करायला. अग्निशामक नळकांडं कुठे आहे हे त्याला माहीत हवं.

पर्वतीपायथा
आज कमिटीच्या बैठकीत हेच मांडतो. मागचं दार खुर्च्या रचून बंद केलेलं असतं, ते आधी मोकळं करून घेतो.

जुनाकंदील
पायऱ्यांचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. ऑक्टोबरअखेर ओली पानं पायऱ्यांवर साचतात आणि साबणासारखी घसरतात. दुपारी चारला झाडून घ्या, सहाला पुन्हा एकदा पाहा. पाण्याची नळी, मुलांच्या सायकली, कुंड्या उचलून ठेवा. वाट ओलांडून एकही वायर जाऊ देऊ नका, टेप लावूनसुद्धा नको. पोर्चचा पांढरा दिवा चालू ठेवा, भीतिदायक वाटावं म्हणून नुसता जांभळा बल्ब लावला तर पायरीची कड दिसत नाही. हवेने फुगणारी भुतं आणि उंच सापळे चारी बाजूंनी दोऱ्या बांधून खुंटीला ताणा, मात्र त्या दोऱ्या वाटेवर येऊ देऊ नका. वारा सुटणार असेल तर फुगणारी आडवी करून ठेवा. आणि आपला कुत्रा दाराच्या आत, बंद खोलीत.

गाभुळलेली_चिंच
शेवटचा प्रश्न, कोरलेला भोपळा किती दिवस टिकतो आणि नंतर काय करता? कुणीतरी ब्लीचच्या पाण्यात बुडवायला सांगितलंय.

माळढोक
ब्लीच नको, खारी आणि हरणं तो भोपळा खातात. व्हॅसलीनही फासू नका, आत ज्योत असेल तर ते पेटतं. दोन-तीन दिवस आधीच कोरा, एवढंच. थंडीत साधारण आठवडाभर राहतो, उबदार हवेत त्याहून कमी. बुरशी धरली की हातमोजे घालून उचला, मेण आणि दिवे काढून टाका आणि कंपोस्टमध्ये घाला. पुष्कळ गावांत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोपळे गोळा करतात, तुमच्या पालिकेच्या पानावर पाहा. रंगवलेला असेल तर कंपोस्टमध्ये जाणार नाही. बिया मात्र कोरायच्या दिवशीच धुऊन, मीठ लावून भाजा. खारींपेक्षा आधी आपण खाव्यात.